तुरीतून गेलेली वानरी

काल मुदखेडच्या बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा दिसल्या. माझ्या यादीत फिनाईल, मीठ, उशीचे अभ्रे आणि मेणबत्त्या होत्या, शेंगा नव्हत्या. यादीत नसलेलं मी सहसा घेत नाही. नवरा यावरून मला फार हसायचा. म्हणायचा, "माझं नाव लिहून ठेवत जा, नाहीतर एखाद्या दिवशी मला बाजारातच विसरून येशील." तरी काल शेंगा घेतल्या. घरी येऊन ताटात ओतल्या आणि सोलायचं सोडून नुसता हात फिरवत बसले. ओल्या तुरीला एक हिरवा, चिकट वास असतो. बोटांना लागला की साबणानंही लवकर निघत नाही.

हा वास मला दरवर्षी एकाच गावात नेऊन सोडतो. कंधार आणि अहमदपूर यांच्या मधलं गाव. कागदोपत्री नांदेड जिल्ह्यातलं, पण निम्म्या सोयरिकी लातूरकडच्या आणि सगळे सण लातूरसारखे. तिथल्या उपकेंद्रात मी आरोग्यसेविका होते आणि उपकेंद्राच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहत होते. दोन खोल्या, एक मोरी, वर पत्रा. मी सांगतेय त्या वर्षी उन्हाळ्यात लातूरला नवरा वारला. तो गेल्यावर करायच्या कामांची मी यादी केली: पेन्शन, गॅसचं कनेक्शन, बँकेतलं नाव, त्याच्या शाळेतल्या कपाटाची किल्ली. महिनाभरात सगळ्या कामांवर काट मारली आणि मग कळलं की आता हातात काहीच उरलेलं नाही. मुलगा सुमेध बंगळुरूला नोकरीला. तो म्हणाला, "आई, इकडे चल." मी म्हटलं, "तिथं काय करू? दिवसभर लिफ्टनं वरखाली?" आणि गावात परत आले. रुजू झाले, असंच म्हणायला हवं.

गावात वानरांची एक टोळी होती. काळ्या तोंडाची, राखाडी अंगाची, अंगापेक्षा लांब शेपटीची. रोज सकाळी ती माझ्या पत्र्यावरून मारुतीच्या देवळाकडे जायची. आधी एक धप्प, मग धडाधड सगळी. भांडी हलायची. पत्र्याच्या कडेला बसली की त्यांच्या शेपट्या खिडकीसमोर लोंबायच्या, वाळत घातलेल्या दोऱ्यांसारख्या. मी चहा पीत त्या शेपट्या बघायची. घरात दुसरं कुणी नसताना सकाळी वर एवढी गडबड असणं बरं वाटायचं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कौसाक्कानं मला झोडपलंच असतं.

कौसाक्का म्हणजे माझ्या क्वार्टरला लागून घर असलेली शेतकरीण. साठी उलटलेली, दात दोन-चार, आवाज मात्र लाउडस्पीकरचा. तिचं शेत डोंगराच्या वाटेवर. वानरांना ती रविवार ते शुक्रवार आईबहिणीवरून शिव्या द्यायची आणि शनिवारी मारुतीच्या पारावर त्यांनाच केळी वाढायची.

"कौसाक्का, काल तर मेल्यांनो म्हणत होता," मी म्हणायची.

"ते काल. आज सनवार हाय. आज देव हाय ते."

"आणि उद्या?"

"उद्या परत मेलेच की!"

वानर हे पानं खाणारं जनावर आहे. उंबर, चिंच, पळस, सालई, धावडा यांचा पाला, कोवळे शेंडे, थोडी फळं. त्याचं पोट गायीसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं, पाला जिरवण्यासाठीच बनलेलं. पण आमच्याकडे पाला राहिला कुठे? लातूर-नांदेडकडे जंगल असं नावालाच. डोंगर म्हणजे बालाघाटाची उघडी पाठ, तिच्यावर कुठेकुठे झाडीची ठिगळं. पूर्वी डोंगरापासून गावापर्यंत ओढ्याच्या काठानं चिंचा आणि उंबरं होती, असं गावातले म्हातारे ज्ञानोबामामा सांगायचे. रस्ता रुंद झाला तेव्हा काही गेली, ओढा सरळ केला तेव्हा उरलेली. गावाकडची टोळी गावाकडेच अडकली. झाडावरून झाडावर जाणाऱ्या जनावराला मधलं उघडं रान म्हणजे आपल्याला भरलेली नदी. त्यात कुत्री. मग टोळी देवळापाशी राहिली, शनिवारची केळी आणि बिस्किटं खाऊ लागली, आणि बाकीचे सहा दिवस लोकांच्या हरभऱ्यात, तुरीत, स्वयंपाकघरात शिरू लागली.

त्या वर्षी सोयाबीन भरात असताना गावानं ठराव केला. परवानगी आली. बाहेरून माणसं पिंजरे घेऊन आली. त्यांनी पाराजवळ भुईमुगाच्या शेंगा टाकल्या, दोन दिवस नुसतं खाऊ घातलं आणि तिसऱ्या दिवशी दारं पाडली. मी लसीकरणाला शेजारच्या वाडीवर होते. परत आले तर गाडी निघाली होती. जाळीतून बाहेर आलेली एक शेपटी तेवढी मला दिसली. कुठे सोडणार विचारलं, तर ड्रायव्हर म्हणाला, "लांब, जंगलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा वाजला. एकदाच. धप्प.

बाहेर येऊन बघते तर एक वानरी पत्र्याच्या टोकाला बसलेली. डावा कान फाटलेला. पिंजऱ्याच्या वेळी कुठे होती कोण जाणे, पण ती मागे राहिली होती. तिनं रस्त्याकडे पाहिलं, देवळाकडे पाहिलं, पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. मग उतरून टोळीच्या रोजच्या वाटेनं गेली, प्रत्येक ठिकाणी थांबून. टाकी, पार, शाळेची भिंत. आणि तासाभरानं परत माझ्या पत्र्यावर.

वनखात्यातला एक माणूस धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आला होता, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, वानरांत नर बाहेर पडतात, भटकतात, एकेकटेही राहतात. माद्या मात्र जन्मभर आपल्या टोळीतच. आई, बहिणी, मावश्या, सगळ्या एकत्र. एकट्या मादीला कसं जगायचं ते ठाऊकच नसतं. "मग हिचं काय?" मी विचारलं. तो बाही खाली करत म्हणाला, "डोंगरात दुसरी टोळी हाय. पन दुसऱ्या टोळीचं अन् हिचं वैरच असतंय बाई. घेतली तर घेतली. पन हितं ऱ्हायली तर कुत्री न्हाईतर मोटार. दोन्हीतलं एक."

सुमेधला मी फोनवर हे सांगितलं. तो आधी हसला, मग चार दिवसांनी त्यानं एक फोटो पाठवला. मित्रांबरोबर तो कर्नाटकातल्या घाटात गेला होता, तिथल्या दाट, कायम ओल्या जंगलातलं माकड. काळं अंग, तोंडाभोवती राखाडी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. खाली लिहिलं होतं, "तुझ्या मैत्रिणीची लांबची बहीण." मी त्या सिंहपुच्छ माकडाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. जगात फक्त आपल्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या टोकाला राहणारं. जमिनीवर सहसा न उतरणारं. जंगलातून रस्ता गेला, चहा-कॉफीचे मळे आले, की त्यांच्या टोळ्या झाडीच्या तुकड्यांत एकमेकींपासून तुटून राहतात आणि तिथेच संपत जातात. काही ठिकाणी माणसं त्यांच्यासाठी रस्त्यावरून झाडाला झाड जोडणारे दोराचे पूल बांधतात. मी तो फोटो कौसाक्काला दाखवला. तिनं मोबाईल लांब धरून बघितला.

"ह्याला मोजत्यात का?"

"हो. फार थोडी उरलीत ना."

"आन् आपल्या कानफाटीला कोन मोजतंय?" असं म्हणून तिनं पत्र्याकडे बोट केलं. वानराची जात अजून पुष्कळ आहे, हे खरंच. पण आमच्या गावात ती आता एकच होती.

सकाळी मी वंदना म्हणते. लहानपणापासूनची सवय, उदगीरला वडिलांनी लावलेली. मी म्हणू लागले की कानफाटी पत्र्यावर हलायची नाही. संपलं की उठायची. आणि शनिवारी देवळात आरतीला हजर. कौसाक्का म्हणाली, "लबाड हाय. हप्ताभर बुद्धाचं ऐकती, सनवारी मारुतीचं खाती." मी म्हटलं, "माझ्याकडे काही मिळत नाही तिला, नुसतं ऐकून जाते." फक्त मोरीच्या भिंतीवर पाण्याचं एक घमेलं भरून ठेवायची. एकदा भाकरीचा तुकडा हातात घेऊन दारापर्यंत गेले होते. ती वरून बघत होती. तसाच तुकडा परत आणून टोपलीत टाकला.

खायला घालणारे दुसरे पुष्कळ होते. टोळी गेल्यावर गावाला कसंसंच झालं होतं. पार रिकामा पडला होता. ज्ञानोबामामा देवळातलं भजन चालवायचे. त्यांनी सांगून टाकलं, मारुती मागं राहिला, गावाला सोडून गेला नाही. झालं. शनिवारचं आता रोजचं झालं. केळी, बिस्किटं, जिलेबी, कुणाच्या बारशाचा लाडू. मामा तिच्यासाठी पाराशेजारी चौथरा बांधायचं म्हणू लागले.

"ज्ञानोबामामा, मादी आहे ती," मी सांगितलं.

"देवाला काय नर आन् मादी?"

"मग साडीचोळी करा की तिला," कौसाक्का मधेच म्हणाली, आणि पारावरची सगळी माणसं हसली. मामाही हसले. पण चौथऱ्याचं काही सोडलं नाही.

चौथऱ्याशी मला देणंघेणं नव्हतं. मला दिसत होतं ते तिचं पोट. टम्म फुगलेलं. पत्र्यावरून भिंतीवर ओघळलेली तिची हगवण मीच धुवायची, त्यामुळे त्यात काय आहे हे मला गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. पाल्यासाठी बनलेल्या पोटात मैदा आणि साखर. दर सकाळी डोंगरातला हुप्प्या आवाज द्यायचा, त्या टोळीचा मोठा नर, हुप्प हुप्प, सगळी शेतं ओलांडून गावात ऐकू येईल असा. ती त्या बाजूला तोंड करून बसायची. मान ताठ, कान पुढे. मग पारावर कुणीतरी पिशवी उघडायचं आणि ती खाली उतरायची. रोज हेच. डोंगराकडे ओढ होती, पण ती पिशवीच्या आवाजापर्यंतच टिकायची.

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. उपकेंद्राच्या भिंतीवर पोलिओच्या पाटीशेजारी लिहिलं: वानरीला खायला घालू नका. बाळंतिणींना सांगितलं, शाळेत सांगितलं, महिलांच्या बैठकीत सांगितलं. हगवणीचं नीट समजावून सांगितलं, कारण माणसाचं असो वा वानराचं, त्या विषयावर मी चांगलं बोलते. सगळ्यांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी पारावर बिस्किटांचा एक पुडा कमी झाला असेल.

"उपाशी मारता का तिला, शिस्टर?" ज्ञानोबामामांनी विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं.

"उपाशी राहिली तर डोंगरात जाईल, मामा. तिथं तिचं खाणं आहे. तिची जात आहे."

"आन् गेली तर आमचं?"

हाच प्रश्न माझाही होता. गेली तर माझ्या पत्र्यावर कोण? संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लावून मागे आले की मी आधी वर बघायची. ती असली की कुकर लावायची. नसली तर ओट्याशी उभी राहून काहीतरी गार खायची. ती माझी नव्हती, मला ओळखतही नसावी. तरी दिवसात एकदा वर बघावं असं काहीतरी होतं, एवढंच. पन्नाशीत एकट्या राहणाऱ्या बाईला एवढंसुद्धा खूप होतं.

मुदखेडला आता माझ्या डोक्यावर स्लॅब आहे. वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, पण त्यांचा पायरव ऐकू येत नाही. स्टेशनवरच्या घोषणा तेवढ्या येतात. अमुक गाडी तमुक फलाटावर. मी स्वयंपाक करताना त्या ऐकते आणि मनातल्या मनात गाडी लावून देते.

सोयाबीन निघालं की शेताचं रूप एकदम बदलतं. आमच्याकडे सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीची एकेक ओळ पेरतात. सोयाबीन असेपर्यंत तूर दिसत नाही, कुठेतरी मधे उभी असते. मग कापणारे येतात, हडंबा लागतो, त्या मळणीयंत्राचा भुस्सा दिवसभर गावावर उडतो, माझ्याकडे खोकल्याचे पेशंट वाढतात. आणि एक दिवस बघावं तर सगळं रान रिकामं आणि त्यात लांबलांबवर तुरीच्या ओळी एकट्या उभ्या. मला त्या वर्षी त्या फार दिसल्या. आधीही दिसत असतील. पण बघता बघता तूर माणसापेक्षा उंच होते, फांद्या पसरते, पिवळ्या फुलांनी भरते आणि दोन ओळी एकमेकींना टेकतात. मार्गशीर्ष संपताना तिच्यात शिरलेला माणूस बाहेरून दिसत नाही.

त्याच सुमाराला कुणाच्या तरी नातवाच्या हातातला बिस्किटाचा पुडा कानफाटीनं ओढला. पोराच्या मनगटावर तिची नखं लागली. मी जखम साबणानं धुतली, इंजेक्शन दिलं, पुढच्या सुया घ्यायच्या तारखा सांगितल्या. पोरगं रडायचं थांबलं, पण आजोबा थांबेनात. संध्याकाळी पारावर ठरलं: येळवस झाली की पिंजरेवाल्यांना परत बोलवायचं. हिलाही न्यायचं. ज्ञानोबामामा म्हणाले, चौथरा बांधू, शांत होईल. बाकीचे म्हणाले, न्या. एकट्या वानरीला पिंजऱ्यात घालून, कुठल्या तरी अनोळखी रानात, अनोळखी टोळीच्या हद्दीत सोडून यायचं. ती किती दिवस जगेल हे विचारायला मी तोंड उघडलं तर एक जण म्हणाला, "शिस्टर, तुमचा मारुतीशी संबंध काय?"

"माझा संबंध इंजेक्शनाशी आहे," मी म्हटलं. लोक हसले. ठरलेलं मात्र बदललं नाही.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. जिथे ती नाही तिथल्या माणसाला सांगून पटत नाही. त्या दिवशी गाव रिकामं होतं. दुकानं बंद, शाळेत पोर नाही, देवळाला कुलूप. सगळं गाव आपापल्या शेतात. कडब्याची खोप उभी करतात, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पूजा करतात आणि दिवसभर खातात. पाच-पंचवीस तऱ्हेच्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ताकातलं आंबट आंबील. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले बोलावतात. मला कौसाक्काचं बोलावणं असायचं, आणि ते नाकारायची पद्धत नव्हती.

कौसाक्का पुढे, डोक्यावर आंबिलाचं बिंदगं. मागे मी, हातात खिरीचं पातेलं. तिचा कुत्रा काळ्या आमच्या पायात. जाताना मी मागे वळून पत्र्याकडे बघितलं. ती बसली होती. पारावर कुणी नव्हतं. त्या दिवशी तिच्यासाठी पिशवी उघडणारं गावात कुणीच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. मी घसा फोडून खायला घालू नका म्हणत होते ते झालं नाही, आणि सणानं ते एका सकाळीत केलं.

पूजा झाली. कौसाक्काचा मुलगा दत्ता शेताभोवती आंबील शिंपडत आरोळ्या देऊन आला. आम्ही जेवायला बसलो. उंडा मोडून भज्जीत कालवला, तोच कौसाक्काचा हात थांबला.

"माझ्या तुरीत कोन हाय गं?"

तुरीचा शेंडा हलत होता. वारा नव्हता. मग थोडं पुढचा शेंडा हलला. फांद्यांतून एक राखाडी शेपटी वर आली आणि परत बुडाली.

"अगं माय! माझ्या शेंगा!" कौसाक्का उठली. ढेकूळ उचललं. काळ्या ताडकन उभा राहिला.

"कौसाक्का, थांबा!" मी तिचा दंड धरला. "खाऊ द्या. ती डोंगराकडे चाललीय बघा."

खरंच चालली होती. गावाकडे पाठ, डोंगराकडे तोंड. शेंग ओरबाडायची, दोन पावलं जायची, मागच्या पायांवर उभी राहून वर बघायची. वर झाडी दिसत होती. गावापासून डोंगरापर्यंत तुटलेली वाट तुरीनं त्या महिन्यापुरती जोडली होती. फक्त प्रत्येक बांधावर एक खोप होती आणि प्रत्येक खोपीपाशी एक कुत्रं.

दत्तानं काळ्याला दाव्यानं बांधलं. मी फोन काढला. लसीकरणाच्या कामामुळे गावातल्या घरोघरीचे नंबर माझ्याकडे होते, आणि सुगीत मी शेतात जाऊन पोरांना डोस पाजायची, म्हणून कुणाच्या बांधाला कुणाचा बांध हेही पाठ होतं. पहिला फोन लागला. "शिस्टर बोलतेय. कुत्रं बांधा. आत्ता. का ते मग सांगते." दुसरा लागला. तिसरा वाजेपर्यंत रेंज गेली. मी फोन डोक्यावर धरला, बांधावर चढले, गोल फिरले.

"काय नाचता वो?" कौसाक्का म्हणाली. "सरका." आणि कमरेवर हात ठेवून, मान वर करून तिनं आवाज लावला:

"कुतरं धराऽऽ गं! कानफाटी चाललीऽऽ!"

वरच्या शेतातून बाईचा आवाज आला, "काऽऽय?"

"कुतरं धर म्हन्ते, भवाने!"

ती बाई वळली आणि वर ओरडली. तिच्या वरची तिच्या वर. येळवशीला शेतात सगळ्यांचे गळे मोकळेच असतात. हाक बांधावरून बांधावर चढत गेली. आम्ही खालून बघत होतो. कुणी कुत्रं मांडीवर दाबून बसलं, कुणी पाटीखाली घातलं, एका पोरानं आपल्या पिल्लाला सदऱ्यात कोंबलं. तुरीचे शेंडे हलत वर वर सरकत होते. मधे एकदा हलायचे थांबले. खाली ती मागे वळली असेल, गाव दिसलं असेल. आणि मला, खरं सांगते, एक क्षण वाटलं, ये परत.

शेंडे पुन्हा हलले. वरच्या दिशेनं.

शेवटचं शेत ज्ञानोबामामांचं होतं. त्यांच्या दोन कुत्र्यांना गाव घाबरायचं. तिथून पुढे डोंगराची झाडी. मामा खोपीबाहेर उभे दिसत होते. हाक त्यांच्यापर्यंत पोचली होती, कारण सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांना ती गावात हवी होती. त्यांनी काहीही करायची गरज नव्हती. नुसतं उभं राहिलं असतं तरी कुत्र्यांनी तिला परत खाली गावाकडे पिटाळलं असतं.

मामांनी डोक्याचा पटका सोडला. एक टोक एका कुत्र्याच्या गळ्यात, दुसरं दुसऱ्याच्या, आणि मधला भाग खोपीच्या मेढीला गुंडाळला. तेवढ्यात कानफाटी तुरीतून बाहेर पडली, उघड्यावर, चारी पायांवर, शेपूट वर. कुत्र्यांनी एकदम हिसका दिला. मेढ उपटली. कडब्याची अख्खी खोप पांडवांसकट मामांच्या अंगावर आली. कडब्याखालून त्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला, "धरलंय! धरलंय म्या! जा तू, जा!"

ती सालईच्या झाडावर चढली. मग दिसली नाही. सगळ्या रानात हसू फुटलं. कौसाक्का हसता हसता पदरानं डोळे पुसत होती. मी खाली बसले आणि ताटातला अर्धा उंडा संपवला.

दुसऱ्या दिवशी मी मामांचा खरचटलेला खांदा पुसून दिला. "देव गेला की तुमचा," मी म्हटलं. ते म्हणाले, "डोंगर काय लांब हाय का शिस्टर? तिकडं नमस्कार करू." पिंजऱ्याची गाडी बोलवायची गरज उरली नाही. मामांनी त्या वर्षी बांधावरची उगवून आलेली उंबराची दोन रोपं तोडली नाहीत, आणि तोडायला आलेल्या सालगड्याला शिव्या दिल्या. एवढंच काय ते गावानं केलं. फार नाही.

माझा पत्रा वाजायचा थांबला. वंदना संपल्यावर मी थोडा वेळ तशीच बसून राहायची. घमेल्यातलं पाणी चिमण्या प्यायच्या.

शिमग्याच्या आसपास डोंगरापलीकडच्या तांड्यावर पोलिओचे डोस पाजून मी पायवाटेनं परत येत होते. पळस पेटला होता, बाकी झाडांची पानं गळालेली, त्यामुळे लांबून सगळं दिसत होतं. ओघळाच्या पलीकडे एका मोठ्या उंबरावर टोळी बसली होती. मी खांद्यावरचा लशीचा डबा खाली ठेवला आणि शोधू लागले. उंबरावर फाटका कान नव्हता. मग दिसली. शेजारच्या धावड्यावर, एकटी. टोळीकडे बघत. पोट उतरलं होतं, अंगावर तकाकी होती. पण एकटीच.

मी बराच वेळ उभी होते. उन्हं कलली. टोळीतली एक तरणी वानरी उंबरावरून उतरली, धावड्यावर चढली आणि कानफाटीच्या मागे जाऊन बसली. काही न करता बसली. मग तिच्या पाठीवरचे केस हातानं बाजूला करून काहीतरी वेचू लागली. कानफाटीनं डोळे मिटले. थोड्या वेळानं ती तरणी उठून परत आपल्या झाडावर गेली. कानफाटी तिथेच बसून राहिली, पण या वेळी टोळीला पाठ करून, जशी बसतात तशी, मागे आपली माणसं आहेत हे ठाऊक असल्यासारखी.

तेव्हा तिचं तोंड माझ्याकडे होतं. तिनं मला बघितलं. लशीचा निळा डबा, पांढरी साडी, वाटेवर उभी एक बाई. तिनं खक् असा आवाज केला, वानरं धोका दिसला की करतात तो. सगळी टोळी सावध झाली आणि माझ्याकडे बघू लागली.

मी डबा उचलला आणि खाली मान घालून, त्यांना भीती वाटू नये अशा बेतानं, हळूहळू निघाले.